जुन्या घरच्या कॉम्प्युटरवर सी शिकायचंय? कंपायलर बसवण्यापासून पहिला प्रोग्रॅम चालेपर्यंत सगळं

बऱ्याच घरांत एक जुना डेस्कटॉप कोपऱ्यात कपडा टाकून ठेवलेला असतो. कोअर टू ड्युओ नाहीतर पेंटियम ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, वर विंडोज सेव्हन. आणि घरातलं पोरगं किंवा पोरगी डिप्लोमाला, बीसीएला गेली की पहिली गोष्ट निघते ती नवीन लॅपटॉपची. जमत असेल तर जरूर घ्या, पण सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला तो लागत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो. सी जन्माला आली १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये, डेनिस रिचींच्या हातून, आणि ती ज्या मशीनवर घडली त्याच्यापेक्षा तुमच्या त्या धूळ खात पडलेल्या डब्यात हजारो पटींनी जास्त मेमरी आहे. शिकाऊ प्रोग्रॅम त्यावर डोळ्याची पापणी लवते ना लवते तोच कंपाईल होतो, म्हणजे लिहिलेल्या ओळींची मशीनला चालवता येईल अशी फाईल बनते, आणि हे काम करतो तो कंपायलर. हळू चालतं ते विंडोज, ब्राऊझर आणि अँटीव्हायरस, कंपायलर नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: त्या मशीनवर हलकं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाका आणि जीसीसी हा फुकट कंपायलर वापरा. विंडोज काढायचंच नसेल तर त्याचाही मार्ग शेवटाकडे दिलाय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, खाली कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाईप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत करायच्या, आणि जिथे स्पेलिंगमध्ये गडबड होऊ शकते तिथे अक्षरं फोडून दिलीत.

आधी डबा उघडा

सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी कॅबिनेटचं झाकण काढा. वायर काढून, पाच मिनिटं थांबून, मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ काढा. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरने हलकेच पुसून परत घट्ट बसवा, जुन्या मशीनला चालू केल्यावर बीप-बीप करायची जी सवय असते ती निम्म्या वेळा एवढ्यानेच जाते.

मग बघायचा तो बोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, मशीन बंद असतानाही तिचं घड्याळ चालू ठेवणारा. हा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो, आणि वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशीनमध्ये तो मेलेलाच असतो. लोक म्हणतात असू दे, तारीख चुकली तर काय बिघडतं. बरंच बिघडतं! मशीनची तारीख २००९ सालची असली की ब्राऊझर प्रत्येक साईटला कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून अडवतो, कारण सर्टिफिकेटची मुदत त्या तारखेला सुरूच झालेली नसते. लिनक्समध्ये पॅकेज उतरवायला गेलात तर रिलीज फाईल अजून वैध झालेली नाही असा एरर येतो आणि माणूस इंटरनेटवाल्याला फोन लावत बसतो. मेक नावाचं टूल फाईलच्या वेळेवरूनच ठरवतं की काय परत कंपाईल करायचं, ते तर घड्याळ मागेपुढे झालं की पार गोंधळतं. सेल बदला, बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणारं बोर्डाच्या सेटिंगचं पान) जाऊन तारीख-वेळ नीट टाका, आणि मगच पुढे चला.

पैसे खर्च करायचेच असतील तर रॅम आणि एसएसडी, याच क्रमाने. कोअर टू ड्युओच्या बोर्डांवर बहुतेक ठिकाणी डीडीआर २ रॅम लागते (काही उशिराच्या बोर्डांवर डीडीआर ३), ती आता नवीन सहसा मिळत नाही पण मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे सेकंडहँड मिळून जाते. जुनी पट्टी सोबत घेऊन जा, तोंडी सांगून चुकीची आणण्यापेक्षा बरं. एसएसडी साध्या साटा केबलवर चालते, १२० जीबीची पुरून उरते.

प्रोसेसर ३२ बिट की ६४ बिट

इथे बरेच जण फसतात. विंडोज सेव्हन ३२ बिट दाखवतंय म्हणजे प्रोसेसरही ३२ बिट असं नसतं, त्या काळी दुकानदार कमी रॅम बघून सर्रास ३२ बिट विंडोज टाकून द्यायचे. कोअर टू ड्युओ हा २००६ पासूनच ६४ बिट आहे. खात्री करायची तर कंट्रोल पॅनेलमध्ये परफॉर्मन्स इन्फॉर्मेशन अँड टूल्स उघडा, तिथे सविस्तर माहिती बघायची लिंक आहे, त्यात ‘६४ बिट केपेबल’ समोर येस की नो ते लिहिलेलं असतं. खरोखर ३२ बिटच असलेली मशीन म्हणजे जुने पेंटियम फोर, पेंटियम एम आणि ॲटम एन २७० वाले ते छोटे नेटबुक.

हे कळणं गरजेचं कशासाठी, तर आपण टाकणार ते लिनक्स म्हणजे डेबियन, आणि डेबियन १३, जे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्याचा ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. ६४ बिट मशीन असेल तर डेबियन १३ घ्या, ३२ बिट असेल तर डेबियन १२. डाउनलोड करताना फाईलच्या नावात ‘एएमडी ६४’ दिसलं म्हणून इंटेलवाल्यांनी बिचकू नका, ते नाव दोन्ही कंपन्यांच्या ६४ बिट प्रोसेसरसाठी आहे. ३२ बिटच्या फाईलवर ‘आय ३८६’ लिहिलेलं असतं. घ्यायची ती ‘नेटइन्स्ट’ नावाची छोटी फाईल, बाकीचं इन्स्टॉल करताना नेटवरून उतरतं, तेव्हा त्या दिवशी दीड-दोन जीबी डेटा शिल्लक असू द्या.

पुसायच्या आधी काय काय वाचवायचं

फोटो, दहावीची सर्टिफिकेटं, बाबांच्या दुकानाचा टॅलीचा डेटा हे सगळे आठवणीने काढतात. विसरतात ते फॉन्ट. जुन्या मशीनवर कोणी मराठीत पत्रं, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा टाईप केल्या असतील तर त्या बहुधा श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात, आणि तो फॉन्ट गेला की फाईल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून सी ड्राईव्हवर विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर पूर्ण कॉपी करून घ्या. आणि कॉपी झाल्यावर तो पेनड्राईव्ह दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाईली उघडून बघा, मगच डिस्क पुसा.

पेनड्राईव्ह बनवणं आणि त्यावरून बूट करणं

४ जीबीचा कोणताही पेनड्राईव्ह चालतो, त्यातलं सगळं जाणार आहे हे लक्षात ठेवा. रुफस नावाचं फुकट टूल घ्या. याच जुन्या विंडोज सेव्हनवर ते चालवणार असाल तर ३.२२ हीच आवृत्ती लागेल, त्यानंतरच्या सेव्हनवर चालत नाहीत. डेबियनची फाईल निवडा, पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा, आणि लिहिताना आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं तर डीडी निवडा.

आता मशीन रिस्टार्ट करून बूट मेन्यू काढायचा. बोर्डाप्रमाणे एफ १२, एफ ११, एफ ८ किंवा एस्केप, चालू होताना स्क्रीनच्या खाली क्षणभर लिहून येतं. जुन्या बायोसमध्ये एक विचित्र प्रकार आहे, यूएसबीचा वेगळा पर्याय निवडला तरी बूट होत नाही कारण तो बोर्ड पेनड्राईव्हला हार्ड डिस्कच समजतो. तर हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी असं जे पान असतं त्यात जाऊन पेनड्राईव्ह सगळ्यात वर आणा. आणि पेनड्राईव्ह मागच्या पोर्टला लावा, समोरचे पोर्ट जुन्या कॅबिनेटमध्ये बरेचदा लूज असतात आणि मध्येच कनेक्शन तुटलं की इन्स्टॉलेशन अर्धवट राहतं.

डेबियन टाकताना जिथे थांबून विचार करायचा तेवढंच

बहुतेक पानांवर एंटर दाबत गेलं तरी चालतं. भाषा इंग्लिश, देश इंडिया, कीबोर्ड अमेरिकन इंग्लिश. नेटसाठी केबल असेल तर उत्तम, नसेल तर अँड्रॉईड फोन यूएसबीने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स त्याला नेटवर्क कार्डासारखंच ओळखतं, ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही.

मग रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरचा, पासवर्ड विचारतो. इथे काहीच न लिहिता दोन्ही रकाने रिकामे सोडून पुढे जा. असं केलं की तुम्ही पुढे जो युजर बनवाल त्यालाच सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) वापरायचा अधिकार आपोआप मिळतो. पासवर्ड टाकलात तर तो अधिकार मिळत नाही, आणि नंतर पहिल्याच कमांडला ‘हा युजर सुडोअर्सच्या यादीत नाही’ असं उत्तर येतं.

पार्टिशनला पूर्ण डिस्क वापरा, सगळ्या फाईली एकाच पार्टिशनमध्ये. पण डिस्क निवडताना आकार वाचा, पेनड्राईव्हसुद्धा त्याच यादीत दिसतो. शेवटी ग्रब (मशीन चालू झाल्यावर लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) बसवायला डिस्क विचारेल तिथेही तसंच, पेनड्राईव्ह नाही, मशीनची डिस्क.

सॉफ्टवेअर निवडायचं पान आलं की नोमवरची खूण स्पेसबारने काढा आणि एलएक्सडीईवर करा, ही दोन्ही डेस्कटॉपची, म्हणजे मेन्यू-खिडक्यांच्या दिसण्याची, नावं. नोम दिसायला देखणा आहे पण २ जीबी रॅममध्ये जीव नकोसा होतो. एलएक्सडीई साधा, विंडोज एक्सपीच्या वळणाचा, आणि रॅम फार खात नाही, ही निवड चुकवू नका.

कंपायलर

आता खरं काम, आणि ते सगळ्यात कमी वेळाचं आहे. लॉगिन करून मेन्यूतल्या सिस्टीम टूल्समधून एलएक्सटर्मिनल उघडा आणि टाईप करा: सुडो एपीटी अपडेट. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ. पासवर्ड मागेल, टाईप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, तसंच असतं ते, टाईप करून एंटर मारा.

त्यानंतर: सुडो एपीटी इन्स्टॉल, आणि पुढे स्पेस देत पाच नावं. पहिलं बिल्ड-एसेन्शियल (मध्ये डॅश), दुसरं जीडीबी, तिसरं जीनी (जी-ई-ए-एन-वाय), चौथं मॅनपेजेस-डेव्ह, पाचवं फॉन्ट्स-लोहित-देवा.

बिल्ड-एसेन्शियलमध्ये जीसीसी, सी++ चा कंपायलर, मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फाईली एकत्र येतात. जीडीबी डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम कुठे चुकतोय ते शोधायचं टूल, जीनी हलका एडिटर. मॅनपेजेस-डेव्ह म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांची पूर्ण माहिती मशीनमध्येच, नेट नसलं तरी. टर्मिनलमध्ये मॅन, स्पेस, ३, स्पेस, प्रिंटएफ लिहिलं की प्रिंटएफची सगळी कुंडली समोर, बाहेर पडायला क्यू. ज्या घरात डेटा पॅक संपला की महिनाअखेरपर्यंत वाट बघावी लागते तिथे याची किंमत कळते. लोहित हा देवनागरी फॉन्ट, तो कशाला ते पुढे येतंय.

झालं का ते बघायला जीसीसी, स्पेस, दोन डॅश, व्हर्जन. डेबियन १२ वर १२.२ आणि १३ वर १४.२ दिसेल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणलेला हाच कंपायलर, आणि लिनक्सचं कर्नल आजही बहुतांश याच्यावरच बनतं. तुमच्या जुन्या डब्यावर आहे तो कुठल्याही अर्थाने कमी दर्जाचा नाही.

पहिला प्रोग्रॅम, आणि त्यातून काय काय दिसतं

होम फोल्डरमध्ये सराव नावाचं फोल्डर करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये स्पेस नको. फाईली पेनड्राईव्हवर ठेवून तिथेच कंपाईल करू नका, विंडोजच्या फॅट फॉरमॅटवर लिनक्स तुमच्या प्रोग्रॅमला चालवायची परवानगी देत नाही आणि परमिशन डिनाईड येतं.

जीनीमध्ये पुस्तकातला पहिला प्रोग्रॅम लिहा, फक्त हॅलो वर्ल्डऐवजी नमस्कार लिहा, देवनागरीतच (लोहित फॉन्ट टाकला तो यासाठी). फाईलचं नाव पहिला डॉट सी, इंग्रजीत. शेवटचा सी लहानच हवा, कॅपिटल केलात तर जीसीसी त्याला सी++ समजतो. आणि प्रोग्रॅमला टेस्ट असं नाव कधीच देऊ नका, त्या नावाची कमांड शेलमध्ये आधीच आहे, नुसतं टेस्ट लिहून एंटर मारलं की तीच चालते, काहीच छापत नाही, आणि आपला प्रोग्रॅम का चालत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

टर्मिनलमध्ये सीडी सराव करून त्या फोल्डरमध्ये जा. कंपाईल करायची ओळ अशी: जीसीसी, स्पेस, -डब्ल्यूऑल, स्पेस, -डब्ल्यूएक्स्ट्रा, स्पेस, -जी, स्पेस, पहिला.सी, स्पेस, -ओ, स्पेस, पहिला. दोन्ही डब्ल्यू कॅपिटल, बाकी सगळं लहान, आणि डब्ल्यूला चिकटून ऑल म्हणजे ए-एल-एल. चालवायला: ./पहिला. तो टिंब आणि तिरकी रेघ म्हणजे ‘या फोल्डरमधला’, कारण लिनक्स आपण उभे आहोत त्या फोल्डरमध्ये आपणहून प्रोग्रॅम शोधत नाही.

नमस्कार छापून येईल. टर्मिनलमध्ये जोडाक्षर थोडं विस्कटलेलं दिसू शकतं, तो दोष टर्मिनलचा. आता त्याच शब्दावर स्ट्रलेन चालवा, म्हणजे अक्षरं मोजायचं फंक्शन. उत्तर येतं २१! कारण स्ट्रलेन अक्षरं नाही, बाईट मोजतं. युनिकोडच्या हिशोबाने नमस्कारमध्ये न, म, स, हलंत, क, काना, र असे ७ भाग आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक भाग ३ बाईट घेतो. स्ट्रिंग म्हणजे नुसती बाईटची रांग, हे नुसतं वाचून कळत नाही ते इथे एका झटक्यात कळतं, आणि ते मराठी शब्दावर जास्त चांगलं दिसतं कारण इंग्रजीत दोन्ही आकडे सारखेच येतात.

त्या डब्ल्यूऑलबद्दल जरा जोर देऊन सांगतो. वॉर्निंग बंद ठेवून सी शिकू नका. स्कॅनएफमध्ये ॲम्परसँड विसरलात तरी प्रोग्रॅम कंपाईल होतो आणि चालताना कोसळतो, पण वॉर्निंग चालू असली की जीसीसी ओळ क्रमांकासकट सांगतो की इथे पॉइंटर हवा होता, तुम्ही साधा इंट दिलाय. पहिली वॉर्निंग आधी वाचायची, ती दुरुस्त करायची, परत कंपाईल करायचं, खालच्या बऱ्याच आपोआप गायब होतात.

दुसरा प्रयोग फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकाराचा. इंट (पूर्णांक ठेवायचा साधा प्रकार) वापरून १ ते १५ चे फॅक्टोरियल छापा. १२ पर्यंत ठीक, ४७९००१६००. १३ चं खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे पण स्क्रीनवर येतं १९३२०५३५०४, कारण इंट ३२ बिटचा, त्याची हद्द २१४७४८३६४७, भांडं भरून वाहिलं. उत्तर निगेटिव्ह नसल्याने चूक पटकन लक्षातही येत नाही, म्हणून हे उदाहरण मला फार आवडतं. आता कंपाईलच्या ओळीत -एफसॅनिटाईझ=अनडिफाईंड जोडा (एफ आणि सॅनिटाईझ मध्ये जागा नाही), प्रोग्रॅम चालताना स्वतःच ओरडून सांगेल की अमुक ओळीवर साईन्ड इंटीजर ओव्हरफ्लो झाला. लाँग लाँग केलंत की २० पर्यंत बरोबर येतं.

प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मेला तर जीडीबी, स्पेस, ./पहिला, मग आर दाबून एंटर, कोसळला की बीटी. कुठल्या ओळीवर मेला ते दिसतं, आणि ते दिसतं कारण कंपाईल करताना -जी दिलेला होता. सुरुवातीला जीडीबीचं एवढंच पुरे.

कॉलेजात टर्बो सी असेल तर

आपल्याकडे अजून कितीतरी लॅबमध्ये टर्बो सी या जुन्या कंपायलरचा तो निळा स्क्रीन चालतो. टर्बो सी++ ३.० हे डॉसच्या जमान्यातलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं, आणि सी++ चं पहिलं स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये. म्हणजे त्यात शिकवलं जातं ते सी++ स्टँडर्ड ठरायच्या आधीचं. शिवाय तिथे इंट १६ बिटचा, हद्द ३२७६७, त्यामुळे वरचाच फॅक्टोरियल तिथे ८ लाच बिघडतो, ४०३२० ऐवजी -२५२१६ येतं. एकच प्रोग्रॅम लॅबमध्ये एक आणि घरी वेगळं उत्तर देतो तेव्हा घाबरायचं कारण नाही, कारण हे.

प्रॅक्टिकलला तिथलं वापरा, मार्क तिथे आहेत. घरी आणताना चार बदल करायचे. कोनिओ डॉट एच ची ओळ काढायची, क्लीअर स्क्रीन आणि गेटसीएच काढायचे, व्हॉईड मेनऐवजी इंट मेन लिहून शेवटी रिटर्न शून्य, आणि सी++ असेल तर आयओस्ट्रीमच्या पुढचं डॉट एच काढून खाली युझिंग नेमस्पेस एसटीडी. एवढ्यात बहुतेक जर्नलचे प्रोग्रॅम चालतात. ग्राफिक्सवाले मात्र चालणार नाहीत, ते टर्बोच्या स्वतःच्या लायब्ररीवर आहेत.

विंडोज ठेवायचंच असेल तर

कोडब्लॉक्स २०.०३ ची ३२ बिट आवृत्ती घ्या, आणि नावात मिंगडब्ल्यू असलेलीच फाईल. नुसती सेटअप घेतली तर त्यात एडिटर येतो, कंपायलर येत नाही, आणि मग ‘कंपायलर सापडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. बरोबर फाईल टाकूनही ती आलीच तर सेटिंग्जमध्ये कंपायलर, तिथे टूलचेन एक्झिक्युटेबल्स, आणि ऑटो डिटेक्ट दाबा. तिथेच कंपायलर फ्लॅग्जमध्ये डब्ल्यूऑलवर खूण करा. प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव साधं ठेवा, स्पेस आणि देवनागरी टाळा.

मशीन त्याहून अशक्त असेल तर टीसीसी बघा, फाब्रिस बेलार्ड यांचा टायनी सी कंपायलर, ०.९.२७. झिप उघडली की झालं, इन्स्टॉल करायचंच नाही, आणि टीसीसी, स्पेस, -रन, स्पेस, फाईलचं नाव दिलं की वेगळी एक्झी फाईल न बनवता प्रोग्रॅम थेट चालतो. वॉर्निंगच्या बाबतीत तो जीसीसीच्या जवळपासही नाही, त्यामुळे मी त्याला दुसरा पर्याय म्हणूनच धरतो. आणि विंडोज सेव्हनला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सिक्युरिटी अपडेट देणं थांबवलंय, तेव्हा त्या मशीनवर बँकेचं, यूपीआयचं काही करू नका. व्हीएस कोडच्या मागे लागू नका, नवीन आवृत्त्या सेव्हनवर चालत नाहीत आणि ३२ बिट लिनक्ससाठी तर येतच नाहीत.

रोजच्या वापरात

ब्राऊझर उघडा ठेवून कोड लिहू नका, व्हिडिओ बघायचा तो फोनवर बघा आणि मशीन फक्त लिहायला-चालवायला ठेवा. १ जीबीच्या नेटबुकवर तर कंट्रोल, ऑल्ट, एफ ३ एकत्र दाबून नुसत्या काळ्या कन्सोलवर लॉगिन करा, तिथे नॅनो एडिटर आणि जीसीसी सुरेख चालतात (देवनागरी तेवढी दिसत नाही). परत यायला त्याच दोन कीबरोबर एफ ७, नाही आलं तर एफ १ किंवा एफ २.

तीच लांबलचक कंपाईलची ओळ रोज टाईप करायचा कंटाळा आला की नुसतं मेक, स्पेस, पहिला लिहून बघा, डॉट सी न लावता. मेकफाईल नसली तरी मेकला पहिला डॉट सी वरून पहिला कसा बनवायचा ते आधीच माहीत असतं. त्याला वॉर्निंगचे फ्लॅग द्यायला त्याच फोल्डरमध्ये मेकफाईल नावाची फाईल करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा, कॅपिटलमध्ये सीफ्लॅग्ज, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे तेच तीन: -डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -जी. त्या फोल्डरमधल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ते लागू होतात, आणि फाईल बदललेली नसेल तर मेक परत कंपाईल करतच नाही.